पेला कोणाचा?

वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडे तोडू नका, अशी आज्ञा तोरातील अनुवादाच्या विसाव्या अध्यायात आहे. युद्धाच्या धामधुमीतही कुऱ्हाड उचलण्यापूर्वी माणसाने थांबावे, असा तिचा आग्रह आहे. आपल्या गुरुजनांनी ती झाडांपुरतीच ठेवली नाही. रामबामने बाराव्या शतकात भांडी फोडणे, वस्त्रे फाडणे, झरे बुजवणे व अन्नाची नासाडी करणे हेही तिच्यात धरले. यालाच 'बाल तश्खीत' म्हणतात : विनाकारण नाश करू नये.

आता आपल्या कॅसल हिलजवळचेच उदाहरण घेऊ. पॅरामाटाचे नवे स्टेडियम २०१९ साली सुरू झाले. तेथे सुमारे ३०,००० प्रेक्षक बसतात. प्रत्येकाने एकच पेय घेतले तरी एका सामन्याचे ३०,००० पेले होतात. पेल्याचे आयुष्य फार तर पंधरा मिनिटे, त्याच्या कचऱ्याचे मात्र कित्येक वर्षे. क्रिकेटच्या मैदानांवर तर रिकामे पेले एकात एक घालून लांबलचक साप करण्याची मौजही आपण पाहतो. १ नोव्हेंबर २०२२ पासून न्यू साउथ वेल्समध्ये प्लॅस्टिकचे चमचे, ताटल्या व नळ्या बंद झाल्या, पण साध्या पेल्यांचा त्या बंदीत समावेश नव्हता. म्हणजे जेथे कायदा थांबला, तेथून आपल्या विवेकाचे काम सुरू होते.

यावर उपाय नवा नाही. जर्मनीतील अनेक फुटबॉल मैदानांवर प्रेक्षक थोडी अनामत भरून टिकाऊ पेला घेतात, आणि तो परत केला की पैसे परत मिळतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ही अनामत दोन युरो होती. मात्र तेथे पुष्कळसे पेय प्लॅस्टिकच्या बाटल्यांतूनच पेल्यात ओतले जाई, म्हणून टीकाही झाली. टीका योग्यच होती. टिकाऊ पेल्याला जास्त प्लॅस्टिक लागते. तो पुन्हा पुन्हा वापरला तरच हिशेब जुळतो. आठवण म्हणून घरी नेऊन कपाटात ठेवला, तर तो फेकण्याच्या पेल्याहूनही महाग पडला.

काही जण विचारतील, अनामतीच्या लोभाने पेला परत केला, तर त्यात पुण्य कसले? तालमूदने याचे उत्तर देऊन ठेवले आहे. मिस्वा आधी दुसऱ्या हेतूने केली, तरी करता करता माणूस ती तिच्यासाठीच करू लागतो. आपल्या राज्यात १ डिसेंबर २०१७ पासून रिकाम्या बाटलीमागे दहा सेंट मिळतात. त्या दहा सेंटांसाठी बाटल्या गोळा करणाऱ्या मुलाला रस्त्यावर पडलेली बाटली दिसू लागते. ही दृष्टी आली, की दहा सेंटांचे काम झाले.

दुसरी अडचण मनातली आहे, आणि ती आपण भारतातून बरोबर आणली आहे : उष्टे. परक्याने तोंड लावलेला पेला आपल्याला नकोसा वाटतो. धुतलेल्या भांड्याबद्दल आरोग्याची भीती असेल, तर ती स्वच्छतेच्या व्यवस्थेने दूर होते. पण ही नावड नेहमीच आरोग्याची होती काय? आपल्याच मुलखात चहाच्या दुकानांत दलितांसाठी कप वेगळे ठेवीत, आणि रेल्वे स्थानकांवर 'हिंदू पाणी' व 'मुसलमान पाणी' वेगळे असे. पेला वेगळा ठेवून माणूसच वेगळा ठेवला जाई. उलट आपल्या घरी किद्दूशच्या वेळी मनुकांच्या शरबताचा एकच पेला सर्वांच्या हाती फिरतो, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. कश्रूथची शंका असेल त्याने आपल्या रब्बींना जरूर विचारावे, परंतु त्या शंकेला आळसाची ढाल करू नये.

राहिला एक प्रश्न : माझ्या एका पेल्याने काय होणार? ३०,००० माणसांच्या मनात हाच प्रश्न असतो, आणि म्हणूनच तेवढे पेले पडतात. एक झाड तोडल्याने अरण्य ओस पडत नाही, तरी आज्ञा एकेका झाडाबद्दलच आहे.

तेव्हा सामन्याला जाणाऱ्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच : टिकाऊ पेला मिळत असेल तेथे तोच मागा, एकच पेला पुन्हा भरून घ्या, आणि निघताना परत करा. मिळत नसेल तेथे व्यवस्थापकांना नम्रपणे पत्र लिहा. पेय आपण विकत घेतो. पेला मात्र आपल्यानंतर येणाऱ्याचाही आहे.