पाऊण युनिट

जावयाने हायब्रिड गाडी घेतल्यापासून त्याच्या तोंडी एकच आकडा असायचा : २७.९७. लिटरमागे एवढे किलोमीटर, असं जाहिरातीत छापलं होतं. जाहिरातीतलं ॲव्हरेज रस्त्यावर मिळत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. पण जावई पडला इंजिनिअर, कागदावरचं रस्त्यावर उतरवून दाखवल्याशिवाय त्याला चैन नव्हती. हिंजवडीच्या रोजच्या कोंडीत त्याने एकदा पंचवीस काढलं आणि स्क्रीनचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. सासरे तेवढे गप्प राहिले.

सासरे म्हणजे सावंतवाडी डेपोतून निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर. श्रावण सरता सरता नातीला बघायला पुण्याला आले होते, आणि गणपतीला सगळ्यांनी नव्या गाडीतूनच गावी जायचं ठरलं. सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडी.

पहाटे जावयाने बटण दाबलं. सासरे पुढच्या सीटवर बसून वाट बघत राहिले.

"सुरू करा की."

"सुरूच आहे बाबा." त्याने 'रेडी' ही अक्षरं दाखवली. गाडी पार्किंगमधून निघाली तरी इंजिनाचा पत्ता नव्हता. स्टिअरिंगच्या पुढे काचेची बोटभर पट्टी वर आली आणि तिच्यात वेगाचा आकडा तरंगायला लागला. मागची-पुढची-बाजूची चित्रं दाखवणारे कॅमेरे, चारी टायरमधली हवा, फोनवरचा नकाशा, सगळं सासऱ्यांना दाखवून झालं. त्यांना त्यातली टायरची हवा आवडली. "हे आमच्या वेळी हवं होतं," म्हणाले. "आम्ही टायरवर लोखंडी सळई आपटून आवाज ऐकायचो."

पण जावयाचा जीव होता तो मधल्या स्क्रीनवरच्या एका चित्रात. त्यात इंजिन, बॅटरी, चाकं आणि त्यांच्यामध्ये धावणारे बाण. गाडी हळू असली की बाण बॅटरीकडून चाकांकडे. पाय ब्रेकवर गेला की उलट, चाकांकडून बॅटरीकडे. "ब्रेक दाबला की मोटरचं जनित्र होतं," तो सांगत होता. "साध्या गाडीत ती सगळी ताकद ब्रेक तापवण्यात जाते. इथे ती परत जमा होते. जपान्यांनी १९९७ साली पहिली अशी गाडी बाजारात आणली, आपल्याकडे आत्ता कुठे लोकांना कळतंय."

सासरे लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं वाचली. पी, आर, एन, डी. "आणि हे खालचं बी?"

"ते नाही वापरायचं. बी टाकलं की इंजिन गाडीला ओढून धरतं. बॅटरीत जायची ताकद वाया जाते, ॲव्हरेज पडतं."

यात खोटं काही नव्हतं. रोजच्या रस्त्यावर बी टाकून गाडी चालवणं तोट्याचंच. अर्धवट ज्ञानाची हीच तर अडचण असते, ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

हायवेने मात्र जावयाची निराशा केली. साधी गाडी शहरात पेट्रोल पिते आणि मोकळ्या रस्त्यावर वाचवते. हायब्रिडचा फायदा उलट शहरात जास्त दिसतो. हायवेला ब्रेकच लागत नाही तर परत काय मिळणार? त्यातून हवेचा विरोध. ताशी शंभरने कोल्हापूर गाठेपर्यंत आकडा एकवीसवर आला. जावयाने एसी कमी केला. मागून बायको म्हणाली, "उकडतंय." त्याने तो नाइलाजाने पुन्हा वाढवला. "असू दे. आंबोली उतरताना सगळं भरून काढतो. घाटभर चार्जिंग, पेट्रोल शून्य."

आंबोलीला पोहोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि दिवे लावावे लागत होते. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. भाद्रपद लागला म्हणून तिथला पाऊस काही कॅलेंडर बघत नाही. धुकं बॉनेटला टेकलं होतं. सासरे मागे वळून लेकीला म्हणाले, "घाट इलो गो, चेडवाक नीट धर."

सुरुवातीला सगळं जावयाच्या मनासारखं झालं. पाय ब्रेकवर, बाण बॅटरीकडे, बॅटरीचं एकेक घर भरत चाललेलं. इंजिन बंद. आकडा एकवीसवरून सरकायला लागला. प्रत्येक वळणानंतर त्याची नजर स्क्रीनवर जाऊन येत होती.

"समोर बघा, जावईबापू."

"बघतोय बाबा."

धबधबा मागे पडला आणि थोड्याच वेळात बॅटरीची घरं संपली. सगळी भरली. बाण नाहीसा झाला. आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिन आपणहून घोंघावायला लागलं.

जावयाच्या पोटात गोळा आला. "हे काय? काहीतरी बिघडलं!" त्याने ब्रेक आणखी दाबून धरला. आता तो ब्रेक नुसता ब्रेक होता, चकती आणि पॅड. दोन वळणं गेली आणि एसीच्या झरोक्यातून जळकट वास आत आला. मागे नात नाक दाबून म्हणाली, "आजोबा, कसला वास?"

इथे थोडा हिशेब मांडायला हवा. चार माणसं आणि गणपतीचं सामान धरून गाडी दीड टनाची. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर, घाटाचा पायथा त्याच्या सहाशेएक मीटर खाली. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे सुमारे अडीच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची, तेच युनिट जे आपल्या लाइट बिलावर असतं. आणि गाडीची बॅटरी? पाऊण युनिटची. तीही पूर्ण वापरायची नसते. ब्रेक मारताना परत घ्यायला आणि सिग्नलवरून सुटताना द्यायला ती पुरते. ती आंबोली साठवेल अशी अपेक्षा तिच्या कारखान्यातही कुणी केली नसेल. म्हणून भरल्यावर गाडी जे करायचं तेच करत होती. उरलेल्या विजेवर, पेट्रोलचा थेंब न जाळता, इंजिन नुसतंच फिरवत होती. बिघडलं काहीच नव्हतं.

सासऱ्यांना यातला एकही आकडा ठाऊक नव्हता. त्यांना आवाज ठाऊक होता.

"बिघाड नाही तो," ते म्हणाले. "उताराला खालचा गिअर टाकल्यावर गाडी अशीच ओरडते. ती बिचारी आपणहून करतेय. तुम्ही ते बी टाका."

"पण ॲव्हरेज—"

"टाका म्हणतो ना."

दांडा खाली ओढला. आवाज चढला आणि गाडीला कुणी मागून धरल्यासारखी ती संथ झाली. काचेच्या पट्टीत आकडा तीसवर आला आणि तिथेच राहिला. जावयाचा पाय ब्रेकवरून उचलला गेला, त्याला स्वतःला ते उशिरा कळलं. खालून भोंगा वाजवत लाल एसटी वर येत होती. सासरे म्हणाले, "थांबा. चढणाऱ्याचा मान पहिला." एसटीच्या ड्रायव्हरने जाता जाता हात केला.

"पेट्रोल जळत असेल," जावई पुटपुटला.

"तुमच्याच पाटीवर बघा की."

त्या घडीचा पेट्रोलचा खप दाखवणारी पट्टी शून्यावर होती.

दाणोलीला चहासाठी थांबले. सासरे छत्री न घेताच उतरले, पुढच्या चाकाशी वाकले आणि हात न लावता तळवा जवळ नेला. मग जावयाला बोलावून त्याचाही तळवा तिथे धरला. चकतीवर पडणारे पावसाचे थेंब चर्र करत होते.

चहा पिता पिता ते बोलले ते चाकाबद्दल नव्हतंच. "आमच्या डेपोत डिझेलचा तक्ता लागायचा भिंतीवर. दहा लिटरला कोणाचे किती किलोमीटर. एक जण दर महिन्याला पहिला. मी भोसरीला ट्रेनिंग घेतलेलं, ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, एवढं डोक्यात पक्कं. माझं नाव कायम तळाशी. साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, त्याला जमतं ते तुम्हाला का जमत नाही?"

"मग?"

"मग काय, तो घाटात न्यूट्रल करायचा. वर्कशॉपमधल्या मेकॅनिकला माहीत होतं. त्याच्या गाडीचे ब्रेक लायनर इतरांच्या निम्म्या दिवसांत उडायचे."

"आणि साहेबांना कळलं नाही?"

"कसं कळणार? लायनरचा तक्ता भिंतीवर नव्हता."

जावई ग्लास हातात धरून उभा राहिला. बायकोला हसू आलं, ते तिने नातीला बिस्किट देण्याच्या निमित्ताने दडवलं. मग त्याने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, पुढे तुम्ही घेता?"

सासरे बसले. पहिल्यांदा त्यांचा डावा पाय क्लच शोधत फरशीवर आपटला, मग तो त्यांनी सीटखाली आवरून घेतला. जावयाने गंमत म्हणून ॲव्हरेजचा आकडा पुसून नव्याने सुरू केला. बॅटरी काठोकाठ भरलेली, रस्ता जवळजवळ सपाट, कुठे कुठे हलका उतार. सासरे चाळीस-पन्नासने बैलगाडीच्या निवांतपणाने चालले होते आणि इंजिन क्वचितच जागं होत होतं. सावंतवाडीच्या मोती तलावाशी वळले तेव्हा स्क्रीनवर छत्तीस होतं.

"बाबा, छत्तीस!" जावई ओरडला. त्याने फोटो काढायला फोन वर केला.

"त्यात माझं काय?" सासरे आरशात मागची एसटी बघत म्हणाले. "फोटो परवा काढा. परतीला आंबोली चढलात की."