उसवावे किती?

दहाव्या वर्षी हाती आलेल्या विणकामाच्या सुया वकिलीच्या धबडग्यातही माझ्याकडून सुटल्या नाहीत. परवा स्वेटरच्या पाठीवर, वीस ओळी खाली, सुलट टाक्याच्या जागी उलट टाका पडलेला दिसला. तसाच राहू द्यावा, तर मन खाते. सारे उसवावे, तर एकाच्या दोषाची शिक्षा निरपराध टाक्यांना. अशा वेळी तेवढाच टाका सुईवरून सोडून दोषापर्यंत खाली उतरू द्यावा आणि क्रोशाच्या सुईने पायरी-पायरीने वर चढवावा. शेजारचे टाके जागीच राहतात.

शिक्षेने अपराधाची मर्यादा ओलांडू नये, हे तत्त्व मी न्यायालयात कितीदा मांडले! मग एका कटु शब्दापायी वीस वर्षांचा स्नेह मी समूळ कसा उसवला? सुया बाजूस ठेवल्या आणि पत्र लिहावयास बसले.