पत्र न पाठवण्याची मुभा

जाहिरातीचे ईमेल लिहिण्याचं काम आता अनेक ठिकाणी एआय एजंट करू लागले आहेत. ईमेल कसा लिहावा याची सूचना तेवढी माणूस लिहितो. त्या पानभर सूचनेवरून एजंट ग्राहकांची यादी चाळतो, कोणाला काय सांगायचं ते ठरवतो, मजकूर तयार करतो आणि पाठवूनही देतो. एकेका ईमेलवरून पूर्वी माणसाची नजर फिरायची, ती आता फिरत नाही. म्हणून जे तपासायचं ते सूचनेतच तपासायला हवं. ही तपासणी आज उलट्या टोकाकडून होते, असं माझं म्हणणं आहे. सूचनेतून निघालेले चार देखणे ईमेल पाहून आपण तिला पास करतो. खरा निकाल लागायला हवा तो तिच्यातून निघणाऱ्या सर्वांत वाईट ईमेलवरून, आणि ईमेल पाठवू नये हे एजंटला कधी कळतं यावरून.

मुंबई-पुण्यातल्या घरांत थेट पेट्या पोचवणारे आंबा बागायतदार आज कोकणात बरेच आहेत. त्यांच्यापैकी एकाने एजंटला अशी सूचना दिली समजा: ‘तू अनुभवी मार्केटिंग तज्ज्ञ आहेस. ग्राहकाला नावाने हाक मारून आपुलकीने लिही. तातडीची भावना निर्माण कर. आंब्याचे फायदे ठळकपणे सांग.’ यात वावगं काही दिसत नाही. पाच-सहा नमुने काढून पाहिले, तर तेही छानच वाटतील.

पण ‘तातडी’ या मागणीचं पुढे काय होतं ते पाहा. किती पेट्या उरल्या आणि माल कधी संपणार, हे एजंटला कोणी सांगितलेलं नाही. तातडी मात्र हवीच आहे. मग तो ‘फक्त शेवटच्या 20 पेट्या’ असं लिहितो. फसवण्याचा हेतू बागायतदाराचा नव्हता. सूचनेने तातडी मागितली, तिला आधार देणारी माहिती दिली नाही, आणि मधली रिकामी जागा एजंटने रचलेल्या मजकुराने भरली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या 13 ऑनलाइन क्लृप्त्या नोंदवून त्यांना मनाई केली. खोटी तातडी ही त्यांतलीच एक.

फायद्यांचंही तसंच. ‘मधुमेहींनाही चालतो’, ‘कार्बाइडमुक्त’, ‘अस्सल देवगड हापूस’ हे शब्द एजंटला सहज सुचतात, कारण आंब्याच्या जाहिरातींत ते नेहमी असतात. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला आपल्याकडे बंदीच आहे. पण याच बागायतदाराने आंबा गवताच्या अढीत पिकवला की इथिलीन वापरून, याची नोंद कुठे आहे? कोकणच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून गावाचं नाव लावण्यालाही जबाबदारी चिकटली आहे. आपुलकीने नावाने हाक मारायची म्हणून सत्तरीच्या बाईंना ‘हाय सुनंदा’ असं पत्र जातं. किरण नावाचा ग्राहक बाई की पुरुष हे माहीत नसताना ‘मागच्या वर्षी तू खूश झाला होतास’ असं ठोकून दिलं जातं. इंग्रजीत विचार करून लिहिलेल्या सूचनेला मराठी ईमेलमधली ही अडचण दिसतच नाही.

सुधारलेली सूचना अशी असेल: ‘मुदत आणि शिल्लक पेट्या दिलेल्या नोंदीत असतील तरच सांग, नसतील तर त्यांचा उल्लेख करू नकोस. आंब्याविषयीचा प्रत्येक दावा नोंदीतून आलेला असू दे. ग्राहकाला आडनावाने आणि आदराने संबोध. स्त्री की पुरुष हे माहीत नसेल तर लिंग उघड होणार नाही अशी वाक्यं लिही.’ यातून निघणारा ईमेल थोडा सपाट वाटेल. पण त्यातल्या प्रत्येक शब्दामागे बागायतदाराला उभं राहता येईल.

पुढचा प्रश्न सूचना कोणावर तपासायची हा. नावगाव भरलेला, दरवर्षी पेटी घेणारा, समाधानी ग्राहक चाचणीला घेतला तर कुठलीही सूचना पास होते. चाचणीत आणायला हवेत ते दुसरेच लोक. कालच पेटी घेतलेला माणूस. गेल्या वर्षी निम्मे आंबे नासके निघाल्याची तक्रार करून अजून उत्तराची वाट पाहणारी बाई. ‘यापुढे ईमेल नको’ असं साध्या मराठीत कळवलेला ग्राहक. घरात कोणी गेल्यामुळे मागणी रद्द केल्याची नोंद असलेलं कुटुंब. यांतल्या बहुतेकांना आज जाहिरात न पाठवणं हेच बरोबर उत्तर आहे. त्या बाईंना तर आधी तक्रारीचं उत्तर द्यायला हवं. सूचनेचा कस इथे लागतो. एजंटला ‘लिही’ एवढंच सांगितलेलं असेल तर तो लिहितो. थांबणं म्हणजेही काम पूर्ण करणं, हे त्याला सूचनेनेच सांगावं लागतं.

यशाची मोजमापं या बाबतीत फारशी मदत करत नाहीत. क्लॉड हॉपकिन्सने 1923 साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे पुस्तक लिहिलं तेव्हा कोणत्या जाहिरातीची किती कुपनं परत आली यावरून जाहिरात जोखली जात होती. ती शिस्त मोलाचीच होती, पण कुपन फक्त प्रतिसाद देणाऱ्याचं मोजता येतं. वाचून मनातून उतरलेला माणूस कुठल्याच रकान्यात येत नाही. ईमेल किती जणांनी उघडला हा आकडा तर आता डळमळीतच आहे. ॲपलने सप्टेंबर 2021 पासून आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय दिली, तिच्यामुळे वाचकाने न उघडलेला ईमेलही उघडल्यासारखा नोंदला जाऊ शकतो. मापालाच ध्येय केलं की ते माप विश्वासाचं राहत नाही, हा विचार चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञाच्या 1975 मधल्या मांडणीतून रूढ झाला. उघडण्याचं प्रमाण वाढवण्यासाठी सूचना घडवत गेलो तर विषयाची ओळ भडक होत जाईल आणि तक्ता मात्र सुधारणा दाखवत राहील.

हजारो ईमेल माणसांनी वाचणं शक्य नसल्यामुळे परीक्षकही एआयच नेमला जातो. त्याचा उपयोग आहे, पण त्याचे कल माहीत असायला हवेत. लांब उत्तराला झुकतं माप देणं, दोन मजकुरांपैकी आधी दाखवलेला उचलणं, आपल्याच मॉडेलच्या लिखाणाकडे ओढा असणं, हे दोष 2023 पासूनच्या संशोधनात नोंदले गेले आहेत. म्हणून ‘ईमेल किती चांगला आहे’ असं त्याला मोघम विचारू नये. ‘यातला कोणता दावा नोंदीत नाही?’ असं नेमकं विचारावं. मजकुरांचा क्रम उलटून पुन्हा विचारावं. आणि काही ईमेल मात्र माणसांनीच, त्यातही ग्राहकाच्या जागी असणाऱ्या माणसांनी, वाचावेत.

इतकी काटेकोरी विक्रीला मारक ठरेल, असं कोणी म्हणेल. विक्रीची गरज मी हलकी मानत नाही. हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो आणि बागेचा वर्षाचा खर्च त्यातूनच निघायचा असतो. पण विश्वास गेला की तोच खर्च पुढच्या वर्षी जास्त जड होतो. एजंटच्या शब्दांची जबाबदारीही टळत नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, असा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी 2024 मध्ये तो फेटाळून कंपनीला भरपाई द्यायला लावली. एजंटने लिहिलेला शब्द विक्रेत्याचाच असतो.

ईमेल पाठवणाऱ्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वेळ आणि लक्ष जातं ते वाचणाऱ्याचं. पूर्वी पत्रं लिहून हात दुखायचा, दिवस संपायचा, एवढ्या लोकांना लिहायचं कशाला असं मनात यायचं, आणि त्यातून आपोआप थोडा संयम राहायचा. एजंट थकत नाही. म्हणून तो संयम आता शब्दांत लिहून द्यावा लागेल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं. सूचनेकडून याच्यापुढची एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही: ग्राहकाने तोंड उघडून ‘नको’ म्हणण्याआधी त्याची अवस्था ओळखावी. सूचना मंजूर करताना विक्रीच्या आकड्याशेजारी आणखी एक हिशेब मागावा: यादीतल्या किती माणसांना एजंटने मुद्दाम लिहिलं नाही, आणि कोणत्या कारणाने. हा रकाना कोरा असेल तर सूचना परत पाठवावी, तिच्यातून निघालेले बाकीचे ईमेल कितीही गोड असले तरी.