चढणीचा मासा

आमच्या हरसूलकडं मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओहोळ गढूळ होऊन धावू लागले, की मासा चढणीला लागतो. पोटात अंडी घेऊन धारेच्या उलट, वर, पार भातखाचरापर्यंत. त्या रात्री सगळा पाडा टोपल्या अन् बॅटऱ्या घेऊन पाण्यात असायचा. आजा मात्र बजावायचा, "पहिली चढण जाऊ द्यायची रं पोरा. पोटुशी असते ती."

मग पाड्याखाली कमरेएवढा सिमेंटचा बंधारा झाला. तो आम्हीच मागितला होता. उन्हाळ्यात आई झऱ्यावर बसून वाटीवाटीनं हंडा भरायची. मी स्वतः त्या कामावर पाट्या टाकल्या, मजुरी घेतली.

पुढच्या मृगात भिंतीखाली मासाच मासा. उड्या मारायचे, सिमेंटवर आपटायचे, परत खाली. आम्ही पोती भरली. आजा काठावर नुसता बसून होता. म्हणाला, "ह्याला मासे धरणं नाय म्हणत. दार लावून मारणं हाय हे." चार पावसाळ्यांत पोत्यांची टोपली झाली, टोपलीची ओंजळ.

भिंत चुकली का? आईचा हंडा आठवला की मला तसं म्हणवत नाही. पण गरज खरी होती म्हणून आपलं देणं फिटतं का? गरजेनं भिंत बांधायची मुभा दिली. दुसऱ्याची वाट बुजवायची दिली नव्हती.

वाट ठेवता येते. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणाला 1938 सालापासून माशांची शिडी आहे. एकावर एक पाण्याची कुंडं, मासा एकेक पायरी चढतो. ऑस्ट्रेलियानंही तशा शिड्या बांधल्या, पण त्या उडी मारणाऱ्या सॅमन माशासाठीच्या. तिथला मासा तशी उडी मारणारा नव्हता, तो खालीच राहिला. मग त्याच्या चालीनं नव्या वाटा कराव्या लागल्या. म्हणजे उपकार करायचा तरी समोरचा कसा चालतो हे आधी बघावं लागतं. आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाआधी वेळेवर काढले, तर मासा त्या गाळ्यांतून वर जाऊ शकतो. आमच्या सलग भिंतीला बरगेच नव्हते.

आता दमणगंगेवर भुगडला आणि वाघ नदीवर खरगीहिलला धरणं बांधून मुंबईला पाणी न्यायची योजना आहे. मुंबईची तहानही खोटी नाही. पण माणूस निदान मोर्चा काढतो, मोबदला मागतो. मासा कोणत्या कचेरीत जाणार?

दोन वर्षांमागं आम्ही काही जणांनी सांडव्याच्या एका कडेला मोठे दगड रचून वीस-बावीस हात लांब उतार केला. मधेमधे पाणी थांबेल असे खळगे ठेवले. मृगाच्या रात्री बॅटरी घेऊन बसलो. थोडेच चढले, पण चढले. टोपली कुणी आणली नव्हती.

आजा हे बघायला नव्हता.