आळशी कोण, हे कोण ठरवतं?

'आळशी' या शब्दात एक आरोप दडलेला असतो: तुला जमलं असतं, तू केलं नाहीस. पण समोरच्याला जमलं असतं, हे आपल्याला कळतं कसं?

दीड वर्ष हा प्रश्न माझ्या मानगुटीवर होता. अंघोळ करून आले की पुन्हा आडवं व्हावं लागायचं. स्टँड-अप मीटिंगला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. वजन उतरत होतं, लोणच्याचा खार चमच्याने खावासा वाटायचा, तळहातावरच्या रेषा काळ्या पडत होत्या. मॅनेजर म्हणाले, "ओनरशिप दिसत नाही." आई म्हणाली, "जरा मनावर घे गं." आत्याने उटणं पाठवलं.

मग एका डॉक्टरांनी माझ्या हिरड्यांवरचे काळे डाग पाहिले आणि सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासायला सांगितलं. फारच कमी निघालं. एसीटीएचचं इंजेक्शन देऊन पुन्हा रक्त घेतलं, तरी आकडा जेमतेम हलला. निदान: ॲडिसन्स डिसीज. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली लंडनमध्ये या दुर्मीळ आजाराचं वर्णन केलं होतं.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. माझ्याच प्रतिकारशक्तीने त्या निकामी केल्या होत्या. त्यांचं अल्डोस्टेरॉन नसलं की शरीरातलं मीठ लघवीवाटे निघून जातं, म्हणून खाराची ओढ. कॉर्टिसॉल येईना म्हणून पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच पाठवतच राहते, आणि त्यानेच त्वचा काळवंडते. उटण्याचा काय दोष!

रिपोर्ट आल्यावर सगळे बदलले. आई रडली, मॅनेजरनी "टेक केअर" लिहिलं. मला सुटल्यासारखं वाटलं, पण एक गोष्ट खुपत राहिली. थकवा आदल्या दिवशीही तेवढाच होता. नवीन होता तो फक्त एक कागद. म्हणजे कागद मिळेपर्यंत माणूस गुन्हेगार?

आता उलट बाजू. रोज सकाळी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घेते आणि तासाभरात माझ्यात 'जिद्द' येते. ती माझी की गोळीची? जॉन केनेडींनाही हाच आजार होता. १९६०च्या निवडणुकीत त्यांच्या गोटाने तो नाकारला, कारण त्यांची प्रतिमा तडफदार नेत्याची होती. ती तडफ खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्यामागे औषधं होती, आणि धडधाकट माणसाच्या तडफेमागे त्याच्या ग्रंथी असतात. त्या त्याने कमावलेल्या नसतात.

मग सगळंच रसायन, कुणाचीच जबाबदारी नाही? असंही नाही. गोळी वेळेवर घेणं, ताप आला की डोस दुप्पट करणं, पर्समध्ये इमर्जन्सी कार्ड ठेवणं हे माझंच काम आहे. स्वतःकडे बघताना 'मला काय जमतं' हा प्रश्न मी विचारायलाच हवा. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र त्याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

माझ्या टीममध्ये एक मुलगा आहे. सतत दमलेला. त्याचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. परवा कुणीतरी म्हणालं, "नाटकं करतो." मी एवढंच म्हटलं, की माझंही थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर सगळं दीड वर्ष नॉर्मलच होतं. त्याला काय झालंय मला माहीत नाही. पण त्याच्यावर विश्वास ठेवायला मी कागद मागणार नाही.