निंदणी आणि निंदा

तेरणेच्या काठाने चालताना बांधावर, दगडांच्या फटीत एक रानफूल हमखास दिसते. वीतभर उंच एकच दांडा, टोकाला पिवळा गोंडा, भोवती पाचेक पांढुरक्या पाकळ्या. कोणी त्याला एकदांडी म्हणतो, कोणी दगडी पाला. कोकणात समुद्राच्या वाळूतही ते उगवते. खुरपताना बोट कापले तर रक्त थांबायला याचाच पाला चोळून लावतात, आणि त्याच खुरप्याने पिकातून त्याला उपटतातही. ही कृतघ्नता म्हणायची का?

ते मूळचे इकडचे नाही, मेक्सिकोकडचे. पण दसऱ्याला ज्याचे तोरण बांधतो तो झेंडूही तिकडचाच आणि त्याच कुळातला. १९५५च्या सुमारास पुण्याकडे नजरेत भरलेले, अंगाला खाज सोडणारे गाजरगवत, तेही त्याच कुळातले, अमेरिकेतूनच आलेले. एक देवाच्या गळ्यात, एक पायाखाली, एक उकिरड्यावर. जन्मगाव विचारून निकाल लागत नाही तो असा. (तेरला तर परदेशाचे नवल नसावे, दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जात होता.)

निंदणी आणि निंदा हे शब्द कानाला सारखे लागतात. निंदणी म्हणजे पिकाच्या ओळीतून नको ते काढणे. निंदा म्हणजे त्याला हीन ठरवणे. सोयाबीनला जागा हवी, घराचे पोट त्यावर आहे, म्हणून निंदणी करावीच लागते. पण खुरपणारी बाई बांधावरच्या दगडी पाल्याला लाथ मारायला जात नाही. तिचा निर्णय तेवढ्या ओळीपुरता असतो. गाजरगवत बांधावरूनही काढावे लागते, तेही फुलायच्या आधी. तिथेसुद्धा शिव्यांनी मूळ सुटत नाही, मातीत हात घालावा लागतो.

माणसांच्या बाबतीत मात्र आपण घोटाळा करतो. दिंडीत कोणी पिऊन आला तर टाळ खाली ठेव म्हणावेच लागते. ते तोंडावर म्हणायला आपण कचरतो, आणि मग वर्षभर पारावर त्याच्या घराण्याचा उद्धार करतो. निंदणी राहते, निंदा होते.

गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. सगळ्यांसमोर, तोंडावर. बोल कठोरच होता. पण कुंभार कच्चे मडके फेकून देत नाही, आव्यात घालतो. नामदेवराय रुसून पांडुरंगाकडे गेले, आणि तिथून विसोबा खेचरांकडे.