रतामाच्या झुडपाखाली



१ राजे, अध्याय १९ यात एलीया संदेष्टा आपणांस खचलेला दिसतो. कर्मेल डोंगरावर जो निर्भयपणे उभा राहिला, तोच ईजबेलीच्या धमकीने अरण्यात पळाला व रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्यास दोष दिला काय? नाही. त्यास निजू दिले. दूताच्या हाती भाकर व पाणी पाठविले, तेही दोनदा. बोलणे मागाहून झाले.

आपल्या घरी मात्र कोणी अबोल झाला, त्याची झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, की आपण लागलेच म्हणतो, "याचा विश्वास उणा." असे न बोलता त्याजपाशी बसावे, त्याचे ऐकावे, ऊन भाकर वाढावी. दोन आठवड्यांत खिन्नता न गेल्यास डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा काढल्यास त्याच दिवशी न्यावे, क्षणभरही एकटे सोडू नये. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रार्थना करावीच; परंतु औषध घेणे हा अविश्वास नव्हे. एलीयाने प्रार्थना केली, आणि पुढे आलेली भाकरही खाल्ली. ती भाकर नेणारे हात प्रभु आपणांस देवो. आमेन.